दोष डायचा होता, मनगटाचा नाही

बहारीनच्या मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी गेली अकरा वर्षं तपासणीचं काम करते. जहाजांचे पंप, झडपा, शाफ्ट असलं सगळं तिथे दुरुस्तीला येतं. काम झालेला प्रत्येक तुकडा माझ्या टेबलावर येतो. मी मापं घेते, कागदावर लिहिते आणि माझ्या नंबराचा शिक्का मारते. त्या शिक्क्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. बहारीनला येण्याआधी भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी सात वर्षं डाय, म्हणजे धातूला दाबून आकार देणारे साचे, बनवल्या. आमच्या बॅचमध्ये मी एकटीच मुलगी होते आणि पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं होतं की मुलींनी ऑफिसात बसून ड्रॉइंगच्या नकला काढाव्यात. मी बसले नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे जे झालं ते अंगात आलं म्हणून झालं असं कुणाला वाटायला नको. ते आधीपासूनच अंगात होतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. दुपारची जेवणाची सुट्टी संपत होती. शेडमधले पंखे गरम वारा फेकत होते. तेवढ्यात पायघोळ काळी अबाया घातलेली एक तरुण बाई थेट माझ्या टेबलापाशी आली आणि तिने हातातला छोटा लाकडी डबा समोर ठेवला. इथल्याच एका नेमबाजी क्लबच्या महिला पिस्तूल संघाची ती कॅप्टन होती. दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी रेंजवर सराव. मी तिला कॅप्टनच म्हणते, आजही. डबा खरं तर क्लबचा ड्रायव्हर आणणार होता, पण तिने तो त्याच्याकडून मागून घेतला होता. दुरुस्ती करणाऱ्याशी तिला स्वतः बोलायचं होतं. दुरुस्ती करणारी बाई निघाल्याचं तिला आश्चर्य वाटलं नाही, निदान तिने तसं दाखवलं नाही.

डब्यात एक डाय होती आणि तिच्यात एक पितळी पुंगळी घट्ट अडकली होती.

काडतुसं पुन्हा भरण्याचा प्रकार मला तोपर्यंत नुसता ऐकून माहीत होता. गोळी झाडली की रिकामी पुंगळी मागे राहते. ती फेकून न देता तिच्यात ठिणगी देणारा नवीन प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवली की सरावासाठी पुन्हा वापरता येते. क्लबकडे त्याचा रीतसर परवाना होता, कुलूपबंद खोली होती, नोंदवही होती. तिथे हाताने चालवायच्या एका प्रेसवर हे काम चालायचं. प्रेसमध्ये एकामागून एक डाय लावतात. पहिली डाय झाडल्यामुळे फुगलेली पुंगळी चेपून मूळ मापावर आणते. दुसरी तिचं तोंड किंचित उघडते. तिसरी गोळी बसवते आणि तोंड पुन्हा दाबून घेते. दारूच्या भागाशी माझा संबंध नव्हता आणि मला तो नकोही होता. पण डाय म्हणजे डाय. ती पत्र्याची असो की पितळेची, मला तिची भाषा कळते.

कॅप्टनने इंग्रजीत सगळं सांगितलं. तिच्या संघातल्या मुलींची पिस्तुलं सारखी अडकत होती. रेंजचा प्रमुख म्हणाला होता, बायकांची मनगटं ढिली असतात. पिस्तूल झटका देतं तेव्हा मनगट घट्ट नसेल तर वरचा सरकणारा भाग पूर्ण मागे जात नाही आणि पिस्तूल अडकतं. हे खोटं नाही, असं होतं. त्यावरून त्याने क्लबला एक पत्र लिहिलं होतं की कॅप्टनला आणि आणखी दोघींना स्पर्धेच्या संघातून काढावं आणि आधी मनगटाचे व्यायाम करायला लावावेत. गुरुवारी क्लबची बैठक होती. त्याआधी प्रेसचं सगळं सामान तपासून ठीक असल्याचं एक प्रमाणपत्र फाइलला लागणार होतं. ते आमच्या वर्कशॉपने द्यायचं होतं.

मी तिला एकच प्रश्न विचारला. पिस्तूल अडकतं तेव्हा जुनी पुंगळी बाहेर पडलेली असते का?

ती म्हणाली, "नेहमी. जुनी बाहेर उडते. नवीन काडतूस आत जातं आणि शेवटी राहतं. एवढंसं राहतं." तिने नखाचं टोक दाखवलं.

मग मनगटाचा काही संबंध दिसत नव्हता. जुनी पुंगळी बाहेर उडाली, नवीन काडतूस नळीत जवळपास पूर्ण शिरलं, म्हणजे पिस्तुलाने आपलं काम केलेलं होतं. शेवटचं नखभर अंतर काडतूसच जात नव्हतं. काडतूस जाडं होतं. मी तिला तसं लगेच म्हटलं नाही. माप न घेता बोलायची मला सवय नाही. मुलींना सरावाला कुठली काडतुसं देतात, एवढं मात्र विचारलं. ती म्हणाली, पुन्हा भरलेली. पुरुषांच्या संघाला कारखान्यातून आलेली नवी मिळतात, कारण ते पदकं आणतात.

ती गेल्यावर मी डाय व्हाइसमध्ये धरली. पुंगळीच्या बुडाला भोक पाडलं, त्यात आटे पाडले, बोल्ट घातला आणि पाना फिरवत हळूहळू ओढून काढली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर उभे ओरखडे होते. डाय साध्या पोलादाची होती. अशा डायमध्ये पुंगळीला आधी तेल लावावं लागतं. तेल कमी पडलं की पितळ डायच्या आतल्या भिंतीला चिकटतं आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीला ओरबाडतं. हे सगळं अपेक्षितच होतं. मी भिंग लावून डायचं तोंड बघितलं आणि बघतच राहिले.

तोंड कुणीतरी हाताने घासलं होतं. छोट्या ग्राइंडरच्या दगडाच्या खुणा स्पष्ट होत्या, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ. डायच्या तोंडाला अगदी थोडा उतार असतो, पुंगळी सरळ आत जावी म्हणून. इथे तो उतार वाढवून नरसाळ्यासारखा केला होता. त्यामुळे प्रेसचं हँडल हलकं झालं असणार, पण पुंगळीचा खालचा भाग, जिथे ती सगळ्यात जास्त फुगते, तिथपर्यंत डाय पोहोचतच नव्हती. बूड जाडंच राहत होतं. मी बोअर गेजने तीन ठिकाणी मापं घेतली, कागदावर लिहिली आणि खाली लिहिलं, नापास.

आमचे फोरमन केरळचे. माणूस वाईट नाही, वर्कशॉप तेच चालवतात आणि बावीस जणांच्या पोटाची काळजी करतात. त्यांनी कागद बघितला आणि हिंदीत म्हणाले की आतून बफ मारून, घासून चकचकीत करून दे आणि पास लिही. मी म्हटलं, बफ मारलं की भोक आणखी मोठं होईल, आता आहे त्यापेक्षा वाईट होईल. ते म्हणाले की क्लबमध्ये अरबाबचे दोस्त आहेत, हे दहा मिनिटांचं काम आहे, याला जहाजाचा पंप समजू नकोस. अरबाब म्हणजे आमचे मालक, बहारीनी, सत्तरीचे. ते आठवड्यातून एकदा येऊन चहा घेऊन जातात.

मी म्हटलं, "पंप बिघडला तर पाणी थांबतं. या कागदावर तीन बायकांचं नाव बिघडणार आहे. मी शिक्का मारणार नाही."

फोरमननी मग जे सांगितलं ते मला माहीत होतंच. माझा व्हिसा वर्कशॉपचा आहे, नूतनीकरण सप्टेंबरमध्ये आहे, क्लबच्या भांडणात आपलं काय जातं. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, पासचा कागद मी लिहितो, शिक्काही मीच मारतो. नियमाप्रमाणे त्यांना तो मारता येत नव्हता, पण टेबलावर पडलेला शिक्का कुणीही उचलू शकतं. मी शिक्का उचलला, पर्समध्ये टाकला, माझ्या मापांच्या कागदाचा आणि डायच्या तोंडाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि पाच वाजता घरी निघाले. अकरा वर्षांत शिक्का पहिल्यांदा गेटबाहेर गेला होता. गेटवरच्या वॉचमनने नेहमीसारखा सलाम केला. मी घाबरले होते. हे मी कबूल करते. ठाम असणं आणि न घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एका कंपनीत अकाउंट्स बघतो, शांत माणूस आहे. त्याने पहिला प्रश्न केला की यात चूक व्हायची शक्यता किती. मी म्हटलं, मापात शून्य. दुसरा प्रश्न केला की नोकरी गेली तर. मुलीचं अकरावीचं वर्ष होतं, ईसा टाउनची शाळा, पुढच्या वर्षी बोर्ड. मुलगी टेबलावर अभ्यास करत ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. ती म्हणाली की आई, यू डोन्ट इव्हन नो देम. मी म्हटलं, नाही ओळखत. पण उद्या तुझ्या हातातलं काही चालेना आणि कुणी न बघताच म्हणालं की हात मुलीचा आहे, म्हणून चालत नाही, तर तू काय करशील? थोड्या वेळाने उठून तिने माझ्यासाठी चहा केला. असं ती सहसा करत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिक्का घेऊनच कामावर गेले. फोरमन माझ्याशी बोलले नाहीत. नेहमीची कामं आली, मी तपासली, शिक्के मारले. मधल्या वेळात लेथवरच्या माणसाला सांगून पोलादाचा एक ठोकळा कापून घेतला आणि त्यात स्वतः एक भोक केलं. पिस्तुलाच्या नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं, त्याच्या कमीत कमी मापाचं. याला गेज म्हणतात. काडतूस बरोबर असेल तर त्यात आपल्या वजनाने पडतं आणि उलटं केलं की बाहेर येतं. जाडं असेल तर डोकं वर काढून बसतं. यात मत नसतं. मला अशाच गोष्टी आवडतात.

अकराच्या सुमाराला अरबाबचा फोन आला. प्रमाणपत्र आलं नाही म्हणून कॅप्टनने त्यांना गाठलं होतं, तेही क्लबचे जुने सदस्य निघाले. त्यांनी मला विचारलं की शिक्का का मारला नाही. मी दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले की संध्याकाळी रेंजवर ये, फोरमनलाही आण, समोरासमोर बघू.

रेंजवर मी पहिल्यांदाच गेले. भिंतीमागे वाळूचे ढीग, कानांवर जाड कप, आणि त्यातूनही छातीत बसणारा आवाज. रेंजचा प्रमुख उंच, पन्नाशीचा, पूर्वी फौजेत होता. माझ्याशी तो सभ्यपणे वागला. मी काय सांगते ते त्याने ऐकून घेतलं आणि मग हसून म्हणाला की वाद कशाला घालायचा, मुलींच्या डब्यातली दहा काडतुसं द्या, मी झाडून दाखवतो. मला वाटलं, आता कळेल. त्याने कॅप्टनचंच पिस्तूल घेतलं, दोन्ही हातांनी धरलं आणि दहाच्या दहा गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही.

त्याने पिस्तूल खाली ठेवलं आणि स्वतःच्या मनगटावर दोन बोटं आपटली. फोरमननी माझ्याकडे बघितलं. अरबाबनी घड्याळात बघितलं. कॅप्टन खाली बघत होती. त्या क्षणी मला जमिनीत जावंसं वाटलं, कारण मला माहीत होतं की मी बरोबर आहे आणि डोळ्यांसमोर सगळं माझ्याविरुद्ध घडलं होतं. सगळीच काडतुसं जाडी नव्हती, हे मी आधी सांगायला हवं होतं. ज्या पुंगळ्या कमी फुगलेल्या असतात, त्या तशाच चालून जातात. दहात एखादी निघावी किंवा न निघावी. तो माणूस नशिबाने सुटला होता.

मी म्हटलं, दहा नकोत, मुलींचा दुसरा भरलेला डबा द्या, झाडायची गरज नाही. कुणी उत्तर देण्याआधीच मी पर्समधून गेज काढलं आणि टेबलावर ठेवलं. डब्यात पन्नास काडतुसं होती. मी एकेक काडतूस गेजमध्ये टाकत गेले. जे पडलं ते डावीकडे, जे अडलं ते उजवीकडे. पहिली सहा पडली. सातवं अडलं, डोकं वर काढून. मी ते गेजसकट अरबाबच्या हातात दिलं आणि सांगितलं, दाबून बघा. त्यांनी अंगठ्याने दाबलं, गेलं नाही. मी पुढची टाकत गेले. गोळ्यांचा आवाज बंद झाला होता, बाकीचे लोक सराव सोडून बघायला आले होते. शेवटी उजवीकडे अकरा काडतुसं उभी होती. मग मी पुरुषांच्या संघाचा नवा डबा मागितला. त्यातली पन्नासच्या पन्नास पडली.

मी मोबाइलवरचा फोटो दाखवला, डायच्या तोंडाचा, दगडाच्या खुणांसकट. म्हटलं, हे कुणीतरी घासलंय. कुणी, ते मला माहीत नाही आणि तो माझा विषय नाही.

रेंजच्या प्रमुखाने मोबाइल हातात घेऊन फोटो मोठा करून बघितला. मग तो म्हणाला, "मी घासलं. हँडल जड जात होतं. मला वाटलं, काही फरक पडणार नाही."

मला त्याचं बोलणं आवडलं, हेही सांगायला हवं. त्याला नाकारता आलं असतं. पण त्याने कॅप्टनकडे बघितलं नाही. तिने माफीची वाट बघितली, मीही बघितली. ती आली नाही. पुढच्या आठवड्यात तिला फक्त एक ओळ कळवण्यात आली की ते पत्र मागे घेतलं आहे. तिने क्लबला उलट लिहून विचारलं की कारण लिहा. कारण आजपर्यंत आलेलं नाही. ती दर महिन्याला आठवण देते. मला ती म्हणाली की मी त्यांना विसरू देणार नाही, आणि मला तिचं पटतं.

राहिला डायचा प्रश्न. नवीन सेट घ्यायचा ठरलं आणि अरबाबनी क्लबला सांगितलं की निवड माझ्या वर्कशॉपची ती बाई करेल. फोरमनना ते फारसं रुचलं नाही, पण मालकाचा शब्द. एका संध्याकाळी क्लबच्या ऑफिसात आम्ही बसलो, रेंजचा प्रमुख, कॅप्टन आणि मी. समोर तीन कागद होते, दुकानदाराने पाठवलेल्या तीन सेटचे.

पहिला जुन्यासारखाच, साध्या पोलादाचा. स्वस्त. तो मी वाचायच्या आधीच बाजूला ठेवला. प्रत्येक पुंगळीला तेल लावा, नंतर पुसा, एकदा विसरलात की पुन्हा ओरखडे. माणसं विसरतात. ज्या कामात विसरण्याची सोय नाही अशा कामात विसरण्याला जागा देणारी वस्तू मी निवडत नाही.

दुसऱ्या सेटमध्ये पहिल्या डायला कार्बाइडची रिंग होती. कार्बाइड इतकं कठीण की पितळ त्याला चिकटत नाही, त्यामुळे या पुंगळ्यांना तेलाची गरज नाही. रेंजच्या प्रमुखाला तोच हवा होता. तीन डायचा सेट, काम भराभर होतं, तोंडही ऐसपैस, पुंगळी आपोआप आत घसरते. मी त्याला चित्र काढून दाखवलं की तोंड ऐसपैस म्हणजे तू हाताने जे केलंस तेच कारखान्याने करून पाठवलंय. कमी प्रमाणात, पण तेच. शिवाय त्यात गोळी बसवणं आणि तोंड दाबणं एकाच डायमध्ये, एकाच वेळी होतं. गोळी खाली सरकत असतानाच तोंड आवळलं तर तोंड गोळीला खरवडतं. आणि दुकानदाराने त्या सेटमध्ये तोंड आत वळवणारी डाय दिली होती, जी रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांसाठी असते. पिस्तुलाचं काडतूस नळीत आपल्या तोंडाच्या कडेवर टेकून उभं राहतं. ती कडच आत वळवली तर ते टेकणार कशावर? प्रमुखाने हे दोनदा समजावून घेतलं. दुसऱ्यांदा त्याने स्वतः चित्र काढलं.

तिसरा सेट चार डायचा होता. पहिलीत कार्बाइडची रिंग, अगदी अरुंद तोंडाची, बुडापर्यंत पोहोचणारी. तोंड दाबण्याची डाय वेगळी, आणि तीही सरळ उतार देऊन दाबणारी. महाग होता आणि सावकाश चालणारा. प्रत्येक काडतुसाला एक फेरी जास्त. पुंगळी सरळ धरली नाही तर अरुंद तोंडावर आपटते, म्हणजे लक्ष देऊन काम करावं लागणार.

प्रमुख म्हणाला की यात दुप्पट वेळ जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, सरावाच्याच गोळ्या आहेत. तेव्हा कॅप्टन बोलली. तिने फक्त एवढं विचारलं की सरावाच्या आहेत की बायकांच्या आहेत? मग त्याने तिसऱ्या कागदावर सही केली.

मी आणखी एक कारण दिलं होतं आणि ते मी मुद्दाम त्याच्याकडे बघून दिलं होतं. कार्बाइड हातातल्या ग्राइंडरच्या साध्या दगडाने घासलं जात नाही. हँडल कितीही जड जावो, या डायचं तोंड कुणाला घरी बसून मोठं करता येणार नाही. तो हसला. मी हसले नाही.

परवानगीचे कागद फिरून सेट यायला सात आठवडे लागले. तोवर व्हिसाचा सप्टेंबर आला आणि गेला. व्हिसा झाला. पण फोरमननी मला चार महिने स्टोअरमध्ये बसवलं, नट-बोल्टांच्या मापांची यादी करायला. कारण दिलं की तपासणीत एक नवीन माणूस तयार करायचाय. मी तक्रार केली नाही, यादी केली. नट-बोल्टांच्या एका आख्ख्या खेपेचे आटे चुकीचे निघाले, तीही नापास केली. त्या पुरवठादाराशीही फोरमनची ओळख होती. चार महिन्यांनी त्यांनी स्वतःच मला परत बोलावलं. नवीन माणूस सगळं पास करत होता आणि एक शाफ्ट जहाजावरून परत आला होता.

सेट आला तेव्हा शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी क्लबमध्ये जाऊन प्रेसवर डाय लावून दिल्या. पहिली डाय किती खाली आणायची, दुसरीने तोंड किती उघडायचं, चौथीने किती दाबायचं, हे सगळं रिकाम्या पुंगळ्यांवर, दारू न घालता बसवलं. एक एक पुंगळी करून, गेजमध्ये टाकत. रेंजचा प्रमुख शेजारी उभा राहून बघत होता आणि वहीत लिहून घेत होता. दुपारपर्यंत शंभर पुंगळ्या झाल्या, सगळ्या पडल्या. तो म्हणाला, खलास? मी म्हटलं, अजून नाही, गेज इथेच राहील आणि प्रत्येक काडतूस डब्यात जाण्याआधी यात पडेल. त्याने ते भिंतीवर लिहून ठेवलं, इंग्रजीत आणि अरबीत.

हिवाळ्यात स्पर्धा झाली. कॅप्टनने मला आणि मुलीला बोलावलं. तिच्या पिस्तुलाने एकदाही दगा दिला नाही. ती मात्र पहिल्या फेरीत घाबरली, चार गोळ्या वर्तुळाच्या पार बाहेर गेल्या आणि शेवटी ती पाचवी आली. तिच्या संघातली एक मुलगी तिसरी आली. मला वाटलं, कॅप्टन रडेल. ती कानांवरचे कप काढत आमच्याकडे आली आणि म्हणाली, "त्या चार माझ्या होत्या. पिस्तुलाच्या नाही, काडतुसाच्या नाही. माझ्या."

एखाद्याने पदक दाखवावं तसं तिने ते सांगितलं. माझ्या मुलीला तेव्हा काही कळलं नाही. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, हरली तरी ती खूश का होती? मी तिला समजावून सांगितलं की इतके महिने तिच्या प्रत्येक चुकीवर तिच्या बाई असण्याचं नाव लागलं होतं. आता चूक झाली तर ती तिची एकटीची आहे, तिला ती सुधारता येते. मुलीने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, फेअर इनफ.

फोरमननी त्या वर्षी माझ्या वार्षिक अहवालात लिहिलं की काम अचूक आहे, पण वाद घालते. मला सही करायला कागद दिला. मी वाचला आणि त्यांना म्हटलं की 'पण' हा शब्द काढा, त्याजागी 'आणि' लिहा, मग सही करते. त्यांना आधी गंमत वाटली, मग नाही वाटली. कागद दोन दिवस त्यांच्या टेबलावर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्ती करून पाठवला. मी सही केली, तारीख घातली आणि खाली शिक्का मारला, जरी त्या कागदावर शिक्क्याची जागा नव्हती.